एकेचाळीसपैकी तीन

१

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ब्रेल छापखान्याच्या मशीनच्या खोलीत चार माणसं एका पडद्याकडे बघत उभी होती. पाचवा माणूस दाराच्या चौकटीला टेकला होता. पडदा त्याला दिसत नव्हता, त्यामुळे काय झालं असावं याचा अदमास तो इतरांच्या गप्प राहण्यावरून घेत होता.

"फोल्डर उघडलं का?" त्यानं विचारलं.

"उघडलं," दुरुस्तीवाली म्हणाली. "एकेचाळीस फायली असायला हव्या होत्या. तीनच आहेत."

"कोणत्या तीन?"

प्रश्न रास्त होता. पण तो सगळ्यांत आधी त्यालाच का सुचावा, असं तिच्या मनात येऊन गेलं. बाकीचे अजून 'अरे देवा'च्या पुढे सरकले नव्हते.

दुरुस्तीवाली हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण जाईल तिथे तेच चिकटायचं. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ती भलत्याच धंद्यात पडली होती. जुने प्रोग्रॅम नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते करायचे, हा तो धंदा. कॉम्प्युटरची सिस्टिम दर चार-पाच वर्षांनी कूस बदलते आणि तिच्या आधारानं उभे असलेले जुने प्रोग्रॅम एकेक करून कोलमडतात. ते लिहिणारे तोवर निवृत्त झालेले असतात, दूरदेशी गेलेले असतात, नाहीतर वारलेले असतात. मग हिला बोलावणं जायचं. ती यायची, कुणा अनोळखी माणसाचं वीस वर्षांपूर्वीचं डोकं ओळीओळीनं वाचायची, चार ठिकाणी टाके घालायची आणि निघून जायची. दोन वर्षांत तिनं एकोणीस गावं पालथी घातली होती. एकाही गावात तिला दुसऱ्यांदा जावं लागलं नव्हतं, इतकं तिचं काम चोख. आणि नंतर एकाही गावातून तिला कुणाचा फोन आला नव्हता.

इथलं काम सरळ वाटलं होतं. छापील मजकुराचे ठिपके करणारा प्रोग्रॅम छापखान्यातल्या एका मास्तरांनी एकवीस वर्षांपूर्वी लिहिला होता. गणिताची समीकरणं आणि कोष्टकं ठिपक्यांत आणणारा तसा दुसरा प्रोग्रॅम बाजारात नव्हता. तो 'म्हातारा' नावाच्या एकाच कॉम्प्युटरवर चालायचा, आणि म्हाताऱ्याची सिस्टिम महिनाअखेर बंद करा असा विश्वस्तांचा हुकूम सुटला होता. प्रोग्रॅम नव्या सिस्टिमवर आणायचा तर त्याचा मूळ कोड हवा. त्या एकेचाळीस फायली म्हणजेच तो मूळ कोड. प्रोग्रॅम अजून चालत होता, पण त्या फायलींशिवाय त्यात काडीचाही बदल करता येणार नव्हता.

"जुनी प्रत?" तिनं विचारलं.

"मास्तरांच्या डिस्कवर होती," व्यवस्थापक म्हणाले. "ती गेल्या वर्षीच बंद पडली."

२

व्यवस्थापकांनी तिला आपल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, तुम्ही बाहेरच्या आहात म्हणून स्पष्ट बोलतो. हे आतल्याच माणसाचं काम आहे. शनिवारी दुपारी सगळे गेल्यावर त्या खोलीत एकटे काका होते. चावी त्यांच्याकडे असते. रविवारी इमारतीला कुलूप."

काका म्हणजे मघाशी दाराशी उभा असलेला माणूस. मुद्रितशोधक. वय अठ्ठावन्न. जन्मापासून दृष्टी नाही. छापून आलेलं प्रत्येक पान ते बोटांनी वाचत आणि चूक असेल तिथे कडेला दाभणानं टोचत.

"पण त्यांना यातून काय मिळणार?" ती म्हणाली.

"राग, मॅडम. माणसाला राग पुरतो. विश्वस्त तयार प्रोग्रॅम आणायचं म्हणतायत. तो चुका स्वतःच शोधतो. मग मुद्रितशोधक कशाला?" त्यांनी पेपरवेट उचलून उगीच दुसरीकडे ठेवला. "गुरुवारी विश्वस्तांना पत्र जाईल. त्यात कुणाचं तरी नाव लिहावंच लागेल. माझ्या डोक्यावर खापर फोडून घेऊ का?"

"आणि काकांचं नाव लिहिलंत तर?"

"नोकरी जाईल. मागच्या अंगणातली खोली छापखान्याची आहे, तीही जाईल. दुसरं कुणी नाही त्यांना." हे वाक्य मात्र त्यांनी खिडकीकडे बघून म्हटलं.

ती मशीनच्या खोलीत परतली तेव्हा मावशी, म्हणजे मशीन चालवणाऱ्या बाई, जाड कागदाचे ताव सारखे करत होत्या. यंत्र कागदावर ठिपके उठवायचं त्याचा आवाज पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. मावशी त्या आवाजाच्या वर बोलायला सरावलेल्या, त्यामुळे यंत्र बंद असतानाही ओरडूनच बोलायच्या.

"बसा ताई! चोर सापडला का?"

"इतक्यात? मावशी, तुम्ही इथे किती वर्षं?"

"सतरा. म्हातारा आणि मी. नवरा कमी आणि ह्याची कुरकुर जास्त ऐकली मी."

भिंतीवर दोन दिनदर्शिका शेजारी-शेजारी लटकत होत्या. एक यंदाची. दुसरी पिवळी पडलेली, अकरा वर्षांपूर्वीची. दुरुस्तीवालीनं सवयीनं दोन्ही ताडून पाहिल्या. तारखा आणि वार तंतोतंत जुळत होते.

"ही जुनी कशाला ठेवलीत?"

"असू दे की. चित्र चांगलंय." मावशींनी पाठ फिरवली आणि विषयही. "मी म्हणते, फायली जाऊ द्या, इथे रद्दी चोरीला जाते ते कुणी बघत नाही! वाया गेलेले ताव मी त्या कोपऱ्यात रचते. दर आठवड्याला गठ्ठा अर्धा. रद्दी कोण नेतं हो? खायला का?"

दुरुस्तीवालीनं वहीत दोन ओळी लिहिल्या: चित्र काही चांगलं नाही. रद्दी.

३

नेटवर्कवाला वरच्या मजल्यावर एकटाच बसायचा. कामाला लागून दोन महिने झालेले. चेहरा असा की आत्ता कुणी दटावलं तर रडेल.

"मॅडम, मी चांगल्यासाठीच केलं. म्हाताऱ्यातली ती एकच प्रत, उद्या तो मेला तर? म्हणून शनिवारी सकाळी अख्खं फोल्डर उचलून नव्या साठवणीत हलवलं. एकेचाळीस फायली स्वतः मोजल्या."

"ही साठवण स्वतःहून काही पुसते का?"

तो एकदम ताठ झाला. "दहा वर्षांत ज्या फायलीला हात लागला नाही ती दर रविवारी काढून टाकते. जागेसाठी. पण मॅडम, तो नियम ह्यांना लागूच होत नाही! मी आधी बघितलं होतं. आमचा मुख्य सर्व्हर सगळ्या मशीनच्या नोंदी ठेवतो, म्हाताऱ्याच्याही. ह्या बघा. दर बुधवारी दीड ते तीन, त्या फोल्डरमध्ये काम चालू. गेल्या तीन वर्षांत हात लागला नाही अशी एकही फाइल नाही. एकेचाळीसच्या एकेचाळीस."

तिनं नोंदी स्वतः तपासल्या. पोरगं खरं बोलत होतं. नियमाचा संशय, जो तिला सगळ्यांत सोपा वाटला होता, तिथल्या तिथे बाद झाला.

"काम कोण करत होतं?"

"हे काय, नाव आहे ना. मास्तर."

तिनं मान वर केली. "तुम्ही कधी भेटलात त्यांना?"

"नाही. मी वर असतो, खाली कोण येतं-जातं कळत नाही. दर बुधवारी न चुकता येतात, म्हणजे शिस्तीचे असणार."

"मास्तर तीन वर्षांपूर्वी वारले," ती म्हणाली. "म्हणून तर मला बोलावलं."

पोरगं खुर्चीतून उठलं आणि, का कुणास ठाऊक, त्यानं दिवा लावला. बाहेर लख्ख ऊन होतं.

४

मंगळवारी दुपारी छापखान्याच्या पायरीवर बसून डबा खाताना तिला आईचा फोन आला.

"कुठे आहेस गं?"

"कामावर."

"ते माहितीये. कुठल्या गावात?"

तिनं सांगितलं. आई म्हणाली, "मग मागच्या वेळी सांगितलंस ते कुठलं होतं?"

"ते मागच्या महिन्यातलं."

"जेवतेस ना कुणाबरोबर?"

"हो," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

मग ती उठली आणि व्यवस्थापकांकडून मास्तरांचा पासवर्ड मागून आणला. तीन वर्षांत तो कुणी बदललाच नव्हता. म्हाताऱ्यावर तिनं मास्तरांच्या नावानं प्रवेश केला. एक क्षण पांढरी चौकट दिसली आणि पडदा काळाठिक्कर पडला.

"गेला! तोही गेला!" मावशी ओरडल्या.

"नाही, मावशी. पंखा चालू आहे." तिनं पुन्हा बाहेर येऊन मावशींच्या नावानं प्रवेश केला. पडदा उजळ. पुन्हा मास्तरांच्या नावानं. काळोख. पडद्यात बिघाड नव्हता. मास्तरांच्या नावाखाली काम करणाऱ्यानं उजेड शून्यावर नेऊन ठेवला होता.

तेवढ्यात की-बोर्डच्या पुढच्या पट्टीत काहीतरी खुडबुडलं. पितळी टाचण्यांची ती रांग तिला आतापर्यंत शोभेची वाटली होती. टाचण्या वर आल्या, थांबल्या. तिनं बोट ठेवलं. पडद्यावरची ओळ ब्रेलच्या ठिपक्यांत तिच्या बोटाखाली होती आणि तिला अक्षरही कळत नव्हतं.

ज्याला पडदा लागत नाही, तो पडदा उजळ ठेवत नाही. शिवाय खोलीत कुणी डोकावलं तरी काळा पडदा बघून मशीन बंद आहे असंच समजणार.

मास्तरांच्या नावानं लिहिता येतं का ते बघायला तिनं अंदाजानं एक रिकामी फाइल उघडली, 'चाचणी' असं टंकून जपून ठेवली आणि ती मागच्या अंगणातल्या खोलीकडे गेली.

काका दारातच बसले होते. "पोरी, पावलं सांगतात की तुला कळलंय."

"बुधवारी दीड ते तीन मावशी पार्सलं पोचवायला जातात," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही मास्तर होता."

"मास्तर कुणी होत नसतं." त्यांनी बोटं एकमेकांवर घासली. "लॉगिन मी केलं. पुसलं मी नाही. पहिलं कबूल केल्यावर दुसऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून मूग गिळून बसलो."

"शनिवारी काय करत होता?"

"फायली शोधत होतो. बुधवारी जिथे ठेवल्या तिथे नव्हत्या. दोन तास शोधल्या. साठवण-बिठवण मला कुणी सांगितलं नव्हतं."

तिचा विश्वास बसला. पण विश्वास म्हणजे पुरावा नव्हे, हे तिला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

५

बुधवार तिनं त्या उरलेल्या तीन फायलींबरोबर काढला. चोर अडतीस नेतो आणि तीन सोडतो, तर त्या तिघींत काहीतरी खास हवं. खास काहीच नव्हतं. फक्त तारखा. दोन गेल्या वर्षीच्या, एक त्याच्या आदल्या वर्षीची. यंदाची एकही नाही. काका तर यंदा दर बुधवारी बसत होते. म्हणजे यंदा ज्यांना हात लागला, नेमक्या त्याच गेल्या?

तिनं कालची स्वतःची 'चाचणी' फाइल काढली आणि तिची तारीख पाहिली.

दिवस बरोबर. महिना बरोबर. साल अकरा वर्षांपूर्वीचं. त्या तारखेला ती सतरा वर्षांची होती.

गुरुवारी सकाळी व्यवस्थापकांच्या खोलीत पाचही जण जमले. टेबलावर पत्राचा कागद होता आणि नावापुरती जागा कोरी होती.

"मावशी," तिनं विचारलं, "म्हाताऱ्याचं घड्याळ तुम्ही मागे नेलंत ना?"

मावशींचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "जानेवारीत. मास्तरांनी प्रोग्रॅममध्ये वीस वर्षांचं पंचांग भरलं होतं, मोजून. डिसेंबर संपला आणि तो सुरूच होईना. साहेबांना सांगितलं असतं तर मशीनला टाळं लागलं असतं. गणिताची पुस्तकं अडकली होती हो. मग विचार केला, ह्याला कुठे कळतंय आज काय आहे? वार जुळणारं वर्ष शोधलं आणि त्यात नेऊन बसवलं. पानावर तारीख-वार छापतो, साल छापत नाही. काही बिघडलं नाही."

"पुस्तकांचं नाही बिघडलं. पण जानेवारीपासून म्हाताऱ्यावर जे जे जपून ठेवलं, त्यावर अकरा वर्षांपूर्वीचा शिक्का बसला. काकांनी या आठ महिन्यांत अडतीस फायली बदलल्या. तीन त्यांनी आधीच पुऱ्या केल्या होत्या, त्यांवर खरं साल राहिलं." ती नेटवर्कवाल्याकडे वळली. "तुमच्या सर्व्हरचं घड्याळ बरोबर आहे, म्हणून तुम्हाला नोंदीत दर बुधवारचं काम दिसलं. पण साठवण ती नोंद वाचत नाही. ती फायलीवरचा शिक्का वाचते. रविवारी तिला अडतीस फायली दहा वर्षांहून जुन्या दिसल्या. तिनं झाडू फिरवला. सगळ्यांत ताजं काम सगळ्यांत शिळं ठरलं."

नेटवर्कवाल्यानं डोकं हातात धरलं. मावशींनी पदर तोंडाला लावला.

"मग मी नाव कुणाचं लिहू?" व्यवस्थापक म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सुटका होती की पंचाईत ते त्यांनाही ठरवता येत नसावं.

"लिहा की छापखान्यात दोन घड्याळं होती आणि कुणी कुणाला वेळ विचारली नाही."

"आणि मेलेल्या माणसाच्या नावानं लॉगिन? काका, हे का केलंत? तुमच्या नावानं बसायचं!"

"माझ्या नावाला परवानगी फक्त वाचायची आहे, साहेब," काका म्हणाले. "मुद्रितशोधक ना मी. दोनदा अर्ज केला. तुम्ही म्हणालात, बघू." ते सावकाश बोलत होते. "मास्तर मला बुधवारी शिकवायचे. ते गेले तेव्हा प्रोग्रॅम पुढच्या सिस्टिमवर न्यायचं काम नुसतं सुरू झालं होतं. कुणीच हात लावेना. म्हटलं, सिस्टिम काही आपल्यासाठी थांबत नाही. एकेक फाइल घेत गेलो. कोडमधली दोन ठिकाणं राहिली होती."

"तीन वर्षं?" दुरुस्तीवालीच्या तोंडून निघून गेलं. "एकट्यानं?"

"दोनच राहिली होती," काका पुन्हा म्हणाले.

६

व्यवस्थापकांनी पत्राचा कागद घडी करून खणात टाकला. काका वाचले होते, पण तीन वर्षांचं काम गेलं होतं, आणि महिनाअखेरीला उरले होते बारा दिवस.

दुरुस्तीवाली मात्र जागची हलली नाही. "काका, त्या पट्टीवर एका वेळी चाळीस अक्षरं मावतात. चारशे-पाचशे ओळींची फाइल चाळीस-चाळीस अक्षरांनी डोक्यात राहत नाही. माझ्या तरी राहिली नसती. तुम्ही अख्खं पान कुठे वाचायचात?"

काकांचा चेहरा लाल झाला. एवढ्या चौकशीत ते प्रथमच ओशाळले होते.

"मावशी," ते म्हणाले, "तुमची रद्दी माझ्याकडे आहे."

काकांच्या खोलीतल्या पलंगाखाली वाया गेलेल्या तावांचे अकरा गठ्ठे सुतळीनं बांधून ठेवले होते. फाइल बदलली की मावशी यायच्या आत ते ती यंत्रावर घालून तावाच्या मोकळ्या भागावर उठवून घेत. सोमवारी व्यवस्थापकांनी या खोलीची झडती घेतली तेव्हा गठ्ठे त्यांच्या नजरेखालून गेलेही होते. डोळसांना त्यात नुसते खडबडीत कागद दिसले होते.

त्याच दुपारी काकांच्या खोलीत काम सुरू झालं. काका वाचत, ती टंकत असे. प्रत्येक ओळीआधी काका तिचा आकडा सांगत, ती तो परत म्हणे. पहिले दोन दिवस त्या खोलीत आकड्यांखेरीज काही बोलणं झालं नाही. मावशी चहा ठेवून जात आणि चक्क पाय न वाजवता जात.

तिसऱ्या दिवशी, सातव्या फायलीत, काका म्हणाले, "चारशे बारा." त्यांनी ओळ वाचली. मग, "चारशे पंधरा."

तिची बोटं थांबली. "तेरा, चौदा?"

"ते मशीनसाठी नाही. शेरा आहे."

प्रोग्रॅम लिहिणारे मध्येमध्ये माणसांसाठी असा शेरा टाकतात. मशीन तो ओलांडून पुढे जातं. हे तिला सांगायची गरज नव्हती.

"काका, याआधीही तुम्ही आकडे गाळलेत. पहिल्या फायलीत चार वेळा. मला वाटलं, रिकाम्या ओळी असतील. आकडे जुळले नाहीत तर पुढे चूक शोधता येणार नाही मला."

काकांनी बोट त्या ओळीवर ठेवलं, पण ते सरकेना. मग त्यांनी खालच्या सुरात वाचलं, "'मास्तर, यंत्र तयार आहे का हे तुम्ही इथे दोनदा का विचारता? एकदा विचारून भागलं असतं. कळत नाही. तुमचं आहे तसंच ठेवतो.'"

तिनं दोन्ही ओळी टंकल्या. मग वरच्या दहा ओळी वाचल्या, खालच्या दहा वाचल्या.

"जुन्या सिस्टिमची खोड होती ती," ती म्हणाली. "पहिल्यांदा विचारलं की ती मागच्या वेळचंच उत्तर पुढे करायची. दुसऱ्यांदा विचारलं की आत्ताचं खरं उत्तर द्यायची. म्हणून दोनदा."

अंगणापलीकडून यंत्राचा गारांसारखा आवाज येत होता.

"असं होय," काका म्हणाले. "दोन वर्षं मी समजत होतो, मास्तर त्या दिवशी दमले असतील."

"नव्या सिस्टिमला एकदा विचारलं तरी चालेल. दुसऱ्यांदा विचारणारी ओळ काढू?"

"थांब जरा." त्यांनी ताव मांडीवर नीट केला. "काढ."

तिनं ती काढली. मग विचारलं, "असे शेरे किती आहेत?"

"मोजले नाहीत."

ज्या माणसानं तीन दिवसांत एकही आकडा चुकीचा सांगितला नव्हता त्यानं ते इतक्या झटकन म्हटलं की तिला हसू आलं. त्यांनी ते ऐकलं.

"एकशे सहा," ते म्हणाले.

"सगळ्यांची उत्तरं मला येतीलच असं नाही."

"बरं."

तिनं पहिली फाइल पुन्हा उघडली, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि म्हणाली, "मागे जाऊ या. पहिला कोणता होता?"